मोर रंगवला, मालक कोण?

फुटपाथवरच्या विजेच्या, टेलिफोनच्या आणि सिग्नलच्या पेट्या रंगवून त्यांची ‘सार्वजनिक कला’ करावी, ही सूचना आपल्याकडे अधूनमधून नव्याने पुढे येते आणि प्रत्येक वेळी तिचं कौतुक होतं. होणारच. खर्च थोडा, विरोध कुणाचाच नाही, फोटो छान येतो आणि फीत कापायला कुणी ना कुणी मिळतंच. सूचनेमागचा युक्तिवादही आता पाठ झाल्यासारखा आहे. करडी, गंजलेली, पत्रकांनी बरबटलेली पेटी डोळ्यांत खुपते. तिच्यावर चित्र आलं की ती खुपायची थांबते, लोक तिच्यावर काही चिकटवत नाहीत, गावातल्या चित्रकाराच्या हाताला काम मिळतं आणि जगातल्या कितीतरी शहरांनी हे करून दाखवलं आहे. यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे खरं आहे. घोळ त्या ‘कुठे ना कुठे’मध्ये आहे. ते जिथे खरं आहे तिथली पेटी आणि मुंबई-पुण्यातली पेटी या वेगवेगळ्या दुखण्यांनी आजारी आहेत. एकीचं औषध दुसरीला चोळलं तर दुखणं बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं. माझा आक्षेप चित्राला नाही, या दिसेनासं होण्याला आहे.

या कल्पनेचा सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराचा. तिथे १९९९पासून चौकाचौकांतल्या सिग्नलच्या पेट्या रंगवण्याची योजना चालू आहे. रंगवणारे सगळेच व्यावसायिक चित्रकार नसतात. साधे रहिवासी पुढे येतात, चित्र मंजूर करून घेतात आणि आपापल्या चौकातली पेटी रंगवतात. पुढे बोस्टनने २००८मध्ये तसाच उपक्रम सुरू केला, डब्लिननेही आपल्या पेट्या चित्रकारांच्या हवाली केल्या. ही योजना तिथे का जन्मली, हे मात्र आपल्याकडच्या कौतुकात सहसा येत नाही. तिथलं दुखणं होतं ग्राफिटीचं. रात्री कुणीतरी येऊन स्प्रेने स्वतःची सही पेटीवर ठोकून जायचं, पालिकेचा माणूस सकाळी ती करड्या रंगाने पुसायचा, रात्री पुन्हा सही. पुसण्याचा हा खर्च न संपणारा होता. सह्या ठोकणारी मंडळी दुसऱ्याच्या चित्रावर सहसा हात टाकत नाहीत, हा त्यांच्यातला अलिखित शिरस्ता लक्षात घेऊन पेटीवर आधीच चित्र काढून ठेवायचं, अशी ती युक्ती होती. युक्ती चांगली आहे आणि तिची घडणही नीट समजून घेण्यासारखी आहे. पेटी पालिकेची, पुसण्याचा भुर्दंड पालिकेला आणि रंगवण्याची योजनाही पालिकेचीच. पेटी कुणाची, ती बिघडली तर कुणाला सांगायचं, तिचं दार कुणी लावायचं, हे प्रश्न रंगाचा डबा उघडण्याआधीच सुटलेले होते. दुखणं फक्त कातडीचं होतं, म्हणून कातडीवरचं औषध पुरलं.

आता मुंबईच्या एखाद्या फुटपाथवरची पेटी घेऊ. ती कुणाची? कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरवते बेस्ट. त्यापलीकडे उपनगरांत अदानी, म्हणजे २०१८पर्यंतची रिलायन्स; तिथेच टाटांचेही ग्राहक; आणि भांडुप-मुलुंडला पोचलात की महावितरण. ही झाली नुसती वीज. टेलिफोनची जुनी कॅबिनेट एमटीएनएलची, शेजारची नवी पेटी कुठल्याशा खासगी फायबर कंपनीची, चौकातला सिग्नलचा कंट्रोलर आणखी कुणाचा, रस्त्यावरच्या दिव्यांची पेटी वेगळी, कॅमेऱ्यांची त्याहून वेगळी. आणि या सगळ्या ज्या फुटपाथवर उभ्या आहेत तो महापालिकेचा. एकेका पेटीवर मालकाचं नाव कधीकाळी असतं, पण ते पत्र्याच्या पट्टीवर, चार स्क्रूंनी बसवलेलं. पट्टी गळून पडते, स्क्रूंची भोकं राहतात. कंपनीच्या नकाशात त्या पेटीला क्रमांक असेल, पण फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसासाठी ती बेवारस वस्तू आहे. दाराची कडी तुटलेली, दार तारेने किंवा सुतळीने बांधलेलं, पावसाळ्यात वरून पोतं टाकलेलं. तीनदा खोदलेल्या फुटपाथमुळे जोतं खचलेलं आणि पेटी एका अंगाला कललेली. आपल्या पेटीचं दुखणं हे आहे. तिच्यावर कुणी सही ठोकून गेलं म्हणून ती आजारी नाही. तिच्याविषयी जाब विचारायचा तर कुणाला, हेच कळत नाही म्हणून ती आजारी आहे.

बेवारसपणाची किंमत मुंबईने अलीकडेच मोजली आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. पहिल्या दोन दिवसांत चर्चा कशाची झाली? जागा कुणाची, परवानगी कुणी दिली आणि कुणाची लागत नव्हती याची. लोहमार्ग पोलिसांची जागा, महापालिकेची हद्द, खासगी जाहिरातदाराचा सांगाडा. शहराच्या डोळ्यांसमोर उभा असलेला एवढा थोरला लोखंडी डोलारा, आणि तो कुणाच्या वहीत कुठे लिहिला आहे ते तो पडल्यावर शोधावं लागलं. पेटी होर्डिंगएवढी मोठी नाही हे खरं. पण तिच्या पोटात वीज आहे आणि तिची संख्या होर्डिंगांहून कितीतरी जास्त आहे.

त्या पोटात नेमकं काय असतं, ते रंगवण्याच्या उत्साहात विसरलं जातं. ज्याला लोक सरसकट ‘डीपी’ म्हणतात आणि वीज कंपनीची माणसं ‘फीडर पिलर’ म्हणतात, त्यात ट्रान्सफॉर्मरकडून आलेली जाड केबल असते, तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, फ्यूज असतात आणि तिथून इमारतींकडे जाणाऱ्या केबली फुटतात. दोन फेजमधला दाब ४१५ व्होल्टच्या आसपास. घरातल्या प्लगहून हा मामला वेगळा आहे. म्हणूनच २५० व्होल्टच्या वर दाब असेल तिथे ठळक जागी, स्थानिक भाषेतही, कवटी आणि हाडांच्या चिन्हासह धोक्याची पाटी कायमची लावणं विद्युत सुरक्षेच्या नियमांत मालकावर बंधनकारक धरलेलं आहे. मग चित्रकाराने करायचं काय? पाटी सोडून भोवती रंगवलं तर चित्र बिघडतं, पाटी रंगवून टाकली तर नियम मोडतो. पाटी आधीच पडलेली असेल, आणि बहुतेक ठिकाणी ती पडलेलीच असते, तर चित्रकाराची सोय होते. म्हणजे मालकाची चूक चित्रकाराच्या पथ्यावर पडते. इतकं विचित्र सहकार्य दुसऱ्या कुठल्या कलेत सापडणं अवघड आहे. रंग देण्याच्या हेतूतच मेख आहे. पेटी परकी वाटू नये, लोकांनी तिच्याजवळ यावं, मुलांनी तिला हात लावावा, ही सार्वजनिक कलेची आशा. आणि लोकांनी दोन हात लांब राहावं ही पेटीची गरज. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या, दार नीट न लागणाऱ्या पेटीवर हसरा सूर्य काढणं याला गोड म्हणायला मन धजावत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने देशात एका वर्षात मरणाऱ्यांची संख्या बारा हजारांच्या वर जाते. त्यात घरं, शेतं, कारखाने सगळं आलं, रस्त्यावरच्या पेट्यांचा वाटा त्यातला एक तुकडाच. तरी ज्या देशात हा आकडा आहे तिथे विजेच्या डब्याला खेळण्याचं रूप देण्याआधी थोडं थांबायला हवं. शाळेच्या मुलांना ब्रश देऊन चालू पेटीसमोर उभं करण्याची हौस तर कुणी बोलूनही दाखवू नये.

पेटीचा तो करडा रंगही अगदीच अडाणी नाही. कारखान्यात त्याला ‘सीमेन्स ग्रे’ म्हणतात. तो फिकट असतो, त्यामुळे ऊन कमी शोषतो. त्याच्यावर गंजाची पहिली रेघ उठून दिसते. आतला एखादा जोड तापत असेल आणि बाहेरचा रंग फुगला, काळवंडला, तर पाहणीला आलेल्या माणसाच्या ते लगेच नजरेत येतं. गडद निळ्या आकाशावर चांदण्या काढल्या की हे वाचन संपलं. पेट्यांवर मुळात पावडर कोटिंग असतं. ते घासून, प्रायमर मारून मगच वरचा रंग धरतो, आणि एवढं कुणी करत नसल्यामुळे दोन पावसाळ्यांत चित्राचे पापुद्रे निघतात. मग पेटी पूर्वीपेक्षा भकास दिसते, कारण आधी ती फक्त जुनी होती, आता ती सोडून दिलेली वाटते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. रस्त्यावरच्या चित्रांची बाजू मांडताना नेहमी भिंतींची उदाहरणं दिली जातात. २००९ साली मुंबईत सेनापती बापट मार्गावरची रेल्वेची लांबलचक भिंत सामान्य लोकांनी येऊन रंगवली, तेव्हा त्यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. भिंतीचं काम उभं राहण्याचं आणि अडवण्याचं. चित्र काढल्याने ते काम रतीभरही बिघडत नाही. पेटीचं काम नेमकं उलटं आहे. ती उघडण्यासाठी बनवलेली आहे. रात्री अडीच वाजता इमारतीचा एक फेज गेला की वायरमन येतो, टॉर्चच्या उजेडात पेटी शोधतो, क्रमांक पाहतो, दार उघडतो. त्याला त्या क्षणी फक्त क्रमांक हवा असतो. भिंत आणि पेटी या दोन्हींना ‘मोकळी जागा’ म्हणून एकाच हिशेबात धरणं ही या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक आहे.

वीज, कंपन्या, रंग हे सगळं क्षणभर बाजूला ठेवलं तरी पेटी उभी कुठे आहे हा प्रश्न राहतोच. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास २००८मध्ये पुरा झाला, त्यात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात असं दिसलं. म्हणजे फुटपाथ ही या शहराची सर्वांत मोठी वाहतूक व्यवस्था आहे, लोकलपेक्षाही. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची पादचारी सोयींची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की वस्तीतल्या फुटपाथवरही चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी, दुकानांच्या रस्त्यावर अडीच मीटर. खांब, झाडं, पेट्या यांच्यासाठी कडेचा वेगळा पट्टा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात फुटपाथ ये-जा करण्यासाठी असतो असं म्हटलं होतं, आणि तो मुद्दा पुढे करून माणसं हटवता येतात असा निकाल दिला होता. मे २०२५मध्ये त्याच न्यायालयाने नीट फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. गंमत अशी, की फुटपाथवरून झोपडी हटते, भाजीवाली हटते, पेटी हटत नाही. साधारण मीटरभर रुंदीची पेटी दीड मीटरच्या फुटपाथवर मधोमध उभी असेल तर बाळाची गाडी रस्त्यावर उतरते, व्हीलचेअर तर येतच नाही. डोळस माणूस निदान वळसा घालताना चित्राकडे पाहील. अंध माणसाच्या वाटेत मोर नसतो, पत्रा असतो.

यावर मिळणारं उत्तर बिनतोड वाटतं, म्हणून ते आधीच घेतो. पेट्या हलवणं म्हणजे पोरखेळ नव्हे. केबली लांबवाव्या लागतात, जोड द्यावे लागतात, वस्तीचा पुरवठा बंद ठेवावा लागतो, खोदायची परवानगी लागते. शहरभरच्या पेट्या हलायला जन्म जाईल. तोवर त्या रंगवल्या तर बिघडलं काय? हलवणं महाग आहे हे मान्य. पण रस्ता आधीच खोदलेला असतो तेव्हा ते तेवढं महाग नसतं, आणि आपले रस्ते खोदलेले नसतात कधी? १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईतल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं; खर्च सहा हजार कोटींच्या वर. त्या कामांत रस्त्याच्या कडा उकलल्या गेल्या, केबली उघड्या पडल्या. पेटी मधून कडेला घ्यायची ती वेळ होती. बंगळूरने ‘टेंडरश्युअर’ या नावाने मध्यवर्ती भागातले काही रस्ते पुन्हा बांधले तेव्हा तारा आणि वाहिन्या फुटपाथखालच्या डक्टमध्ये नेल्या आणि वर चालायला सलग जागा सोडली. खर्चावरून वाद झाला, रस्ते अजून आहेत. पुणे महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. त्याच काळात आलेल्या रस्ता आराखड्याच्या मार्गदर्शिकेत चालण्याचा पट्टा आणि सेवांचा पट्टा वेगळे धरले आहेत. म्हणजे काय करायचं ते कागदावर आहे, कुठे कुठे रस्त्यावरही आहे. ‘तोवर रंगवू’ मधला ‘तोवर’ मात्र फसवा असतो. रंगवलेल्या पेटीचं उद्घाटन होतं, तिची बातमी येते, ती सुशोभीकरणाच्या यादीत ‘काम पूर्ण’ म्हणून नोंदली जाते. उद्या एखाद्या रहिवाशाने ती पेटी वाटेतून हलवा म्हणून अर्ज केला तर तो कलेचा शत्रू ठरतो. ज्या गोष्टीविषयी तक्रार करायची तिचंच कौतुक सुरू झालं की तक्रारीला जागा उरत नाही. हे कुणी कट करून घडवत नाही. म्हणूनच ते इतकं सहज घडतं.

सुशोभीकरणाच्या यादीचा विषय निघालाच आहे तर त्याचाही हिशेब पाहू. २०१६मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात पुढे सुशोभीकरणालाही गुण मिळू लागले आणि देशभर पुलांखाली, कुंपणभिंतींवर, शौचालयांवर चित्रं उगवली. मुंबईत २०२२च्या अखेरीस सुमारे १,७०० कोटींचा सुशोभीकरण प्रकल्प सुरू झाला. पूल रंगले, विजेच्या खांबांना माळा गुंडाळल्या गेल्या, झाडांवर रोषणाई चढली. मग झाडांवरची ती रोषणाई न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२४मध्ये पालिकेला ती उतरवायला सांगावं लागलं. झाडाला पानं असतात, मुळं असतात, त्याच्यावर पाखरं झोपतात, ही माहिती नवी नव्हती. झाड ‘दिसायची वस्तू’ झालं की त्याचं झाड असणं विसरलं जातं, एवढंच. पेटीचं तेच होतं.

चित्रावर कुणी पत्रकं चिकटवत नाही, या दाव्याला इथल्या फुटपाथवर फारसा आधार नाही. ब्रिस्बेनच्या सहीबहाद्दराला दुसऱ्याच्या चित्राविषयी थोडी चाड होती, कारण तो स्वतःला चित्रकारच समजत होता. आपल्या पेटीवर चिकटवणारा माणूस हा रोजंदारीवर खळ आणि ब्रश घेऊन निघालेला मजूर असतो. त्याच्या पिशवीत क्लासची जाहिरात असते, मूळव्याधीच्या दवाखान्याची, पेइंग गेस्टची, घरसामान हलवणाऱ्याची, नाहीतर दादांच्या वाढदिवसाची. त्याला शंभर चिकटवायची असतात आणि डोळ्याच्या उंचीवरचा गुळगुळीत पत्रा हवा असतो. खाली मोर आहे की गंज, याने त्याच्या मजुरीत फरक पडत नाही. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून देवादिकांच्या टाइल्स लावतात आणि त्या बऱ्यापैकी चालतात, पण तिथे चालतो तो धाक, सौंदर्य नव्हे. (हाच धाक पेट्यांवर आणायचा विचार कुणाच्या मनात येऊ नये. विजेच्या पेटीसमोर उदबत्ती लागायला आपल्याकडे वेळ लागत नाही.) पत्रकांवर इलाज आहे तो वेगळाच. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५पासून कायदा आहे, त्यात दंड आहे, कैद आहे. बेकायदा होर्डिंग आणि बॅनरविरुद्ध उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर जानेवारी २०१७मध्ये सविस्तर आदेश दिले. प्रत्येक पत्रकावर जाहिरातदाराचा फोन नंबर ठळक छापलेला असतो. गुन्हेगार आपला पत्ता घटनास्थळी स्वतः चिकटवून जातो असं दुसरं उदाहरण नसेल. पण तक्रार सर्वांत आधी करायला हवी ती मालमत्तेच्या मालकाने, आणि पुन्हा आपण तिथेच येतो: मालक कोण?

आता कलेविषयी. पेट्या रंगवायला विरोध म्हणजे रस्त्यावरच्या कलेला विरोध, आणि म्हणजे सामान्य माणसाच्या कलेला विरोध, अशी साखळी लगेच तयार होते. ती दोन्ही कड्यांत कच्ची आहे. २०१४मध्ये वांद्रे रिक्लेमेशनजवळच्या एमटीएनएलच्या उंच इमारतीवर रणजित दहिया आणि साथीदारांनी दादासाहेब फाळक्यांचं भव्य चित्र काढलं. २०१७मध्ये ससून डॉकमध्ये प्रदर्शन झालं तेव्हा बंदरावर राबणाऱ्या कोळी माणसांचे मोठे चेहरे त्यांच्याच जागेच्या भिंतीवर आले. दोन्ही ठिकाणी चित्राने जागेचं काहीतरी उघड केलं. सिनेमाच्या वस्तीत सिनेमाचा जनक, मासळीच्या बंदरात मासळीवर जगणारी माणसं. पेटीवर मात्र बहुतेक वेळा तीच चित्रं फिरतात: मोर, किंगफिशर, सूर्यफूल, ‘झाडे लावा’ आणि वारली. वारलीचं तर फार वाईट केलं आपण. तांदळाच्या पिठीने, शेणामातीच्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी सवाशिणींनी लिहायचा तो चौक, आत पालघट देवी. त्याला विधीची जागा, वेळ आणि हात ठरलेले. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली, जगभर नेली, २०११मध्ये पद्मश्री मिळवली; पण त्यांनी ती वाढवली, तिचं पोट भरायचं साधन करताना तिला चरायला सोडली नाही. आता पूल असो, शौचालय असो, विजेचा डबा असो, पांढऱ्या त्रिकोणांची माणसं गेरूच्या पट्ट्यावर फेर धरून नाचतात, कारण ती लवकर काढता येतात आणि कुणाची हरकत नसते. निविदेत आलेलं चित्र क्षेत्रफळाने मोजलं जातं; ज्याचा भाव चौरस मीटरवर ठरतो त्याला लवकर भरणारा नमुनाच परवडतो. चित्रकाराला काम मिळतं हे खरं. पण ठेकेदाराच्या हाताखाली, नाव न लागता, पेटीमागे ठरलेल्या पैशांत मिळणाऱ्या कामाला संधी म्हणायचं की मजुरी, ते त्या चित्रकारानेच सांगावं. आणि ‘पेटी कुरूप दिसते, चित्राने निदान झाकली जाते’ हा ज्यांचा हिशेब आहे त्यांनी कलेची बाजू घेतो असं म्हणू नये. त्यांना गोणपाट हवं आहे, चित्र नव्हे.

एक आक्षेप मात्र मला मनापासून मानावासा वाटतो. शहराला अनाम, करड्या, निर्विकार वस्तूंनी भरून टाकणं हेही एक प्रकारचं दुर्लक्ष आहे. रस्त्यावरच्या वस्तू देखण्या असाव्यात ही अपेक्षा चैन नाही. बरोबर आहे. पण मग देखणेपण त्या वस्तूच्या कामातून यावं. मराठी शहरांत अशी एक कला होती आणि अजून पुरती मेलेली नाही: पाट्या रंगवणाऱ्याची. दुकानाचं नाव, डॉक्टरची वेळ, ट्रकच्या मागचा इशारा, नाटकाचा फलक, निवडणुकीची भिंत, सगळं एक माणूस ब्रशने लिहीत असे आणि त्याचं अक्षर गावात ओळखलं जात असे. र. कृ. जोशींनी देवनागरी अक्षराचा आयुष्यभर अभ्यास केला. आज कोट्यवधी संगणकांवर असलेला ‘मंगल’ टाइप त्यांच्या हातचा. कमल शेडगे यांनी नाटकांची, नियतकालिकांची शीर्षकं अशी काढली की अक्षरावरून मजकुराचा स्वभाव कळावा. एवढी अक्षरसमृद्धी असलेल्या भाषेत विजेच्या पेटीवरचा क्रमांक अजून खडूने किंवा ठशाच्या पत्र्यातून फरफटलेल्या रंगाने लिहिला जातो, आणि अक्षर लिहिणारा माणूस फ्लेक्सच्या छपाईमुळे घरी बसलेला असतो.

त्याला बोलवावं. प्रत्येक पेटीच्या दारावर, रस्त्याकडून आणि फुटपाथकडून दोन्हीकडून वाचता येईल असं, मालकाचं पूर्ण नाव. त्याखाली पेटीचा क्रमांक, रात्री टॉर्चच्या उजेडात दिसेल एवढा मोठा. त्याखाली दार उघडं दिसलं तर फोन कुठे करायचा तो नंबर. आणि कवटी, नीट, कसलेल्या हाताने काढलेली, पुसट छापील नव्हे. पार्श्वभूमी फिकटच राहू द्यावी. दर पावसाळ्याआधी अक्षरं पुन्हा गिरवावी, म्हणजे वर्षातून एकदा तरी कुणीतरी प्रत्येक पेटीसमोर जाऊन उभं राहील, कडी आहे का पाहील, जोतं खचलंय का पाहील आणि पेटी वाटेत असेल तर तसं लिहून आणेल. या कामाला कंपनीची संमती लागेल, म्हणजे आधी कंपनीला ही पेटी माझी असं कबूल करावं लागेल. खरी अडचण तिथेच येईल आणि येऊ द्यावी. एवढं झाल्यावर पेटीच्या मागच्या बाजूला, कुंपणाकडच्या पत्र्यावर, कुणाला मोर काढायचा असेल तर खुशाल काढावा.